आठव्या टॅबला दात

आमच्या ह्यांना राग आला की ते इस्त्री काढतात. भांडत नाहीत, दारं आपटत नाहीत, जेवणावर तर कधीच राग काढत नाहीत. कपाटातले शर्ट एकेक करून टेबलावर पसरतात, डाव्या हाताने सुरकुती शोधतात आणि उजव्या हाताने ती मोडून काढतात. अकराव्या वर्षी तापात ह्यांचे दोन्ही डोळे गेले. तरी शर्टाची कॉलर माझ्यापेक्षा ह्यांची सरळ येते, आणि मी पोटासाठी शिवणकामच करते, हेही इथेच सांगून टाकते.

आम्ही दोघं एकाच इस्पितळात नोकरीला. मी तळघरातल्या शिवणखोलीत. चादरी, पडदे, अभ्रे, ऑपरेशनचे झगे, जे फाटेल ते माझ्याकडे येतं. हे तळमजल्यावर, मुख्य दारातून आत शिरलं की उजवीकडे, काचेच्या खोलीत फोनवर. पेशंटने फोन करायचा, काय दुखतंय ते सांगायचं आणि ह्यांनी कुठल्या डॉक्टरकडे कधी यायचं त्याची वेळ द्यायची. बावीस वर्षं हेच काम. आमचं लग्नही त्या फोनमुळेच जमलं. ह्यांच्या खोलीतला पडदा उसवला म्हणून ह्यांनी खाली फोन केला होता. मी फोनवर हात न ठेवताच शेजारणीला म्हटलं, "दिसत नाही त्या माणसाला पडदा कशाला हवा?" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ऊन मानेवर येतं हो. ते दिसावं लागत नाही." मी ओशाळून सुईदोरा घेऊन वर गेले, ती आजतागायत ह्यांच्याशी वाद घालतेच आहे.

ह्यांच्याबरोबर राहून एक गोष्ट मी शिकले. लोक वाईट नसतात, पण आगाऊ असतात. कुणाकडे गेलो की यजमानीण ह्यांच्यासमोर मला विचारते, "ह्यांना चहात साखर किती?" मी सांगते, "विचारा की, तोंड आहे त्यांना." मग हे दोन चमचे सांगतात आणि ती बाई उगाच मोठ्या आवाजात, कानही गेल्यासारखं, "दोन ना?" असं ओरडते. हे हसून घेतात. हसून घ्यायचं आणि आपल्याला काय जमत नाही ते कुणाला कळू द्यायचं नाही, हा ह्यांचा लहानपणापासूनचा नेम. म्हणायचे, "एकदा 'जमत नाही' म्हटलं की लोक पुढच्या दहा गोष्टींतूनही आपलं नाव खोडतात." मला हे पटायचं. तिथेच आमचं दोघांचं चुकलं.

ह्यांचा संगणक बोलतो. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते एक आवाज वाचून दाखवतो. माऊसचा काही उपयोग नाही. टॅबची कळ दाबली की आवाज एका बटणावरून पुढच्या बटणावर जातो, त्याचं नाव सांगतो, आणि हवं ते आलं की एंटर दाबायचं. ह्यांनी तो आवाज इतका भरधाव ठेवलाय की मला नुसती किरकिर ऐकू येते. ह्यांना मात्र त्या किरकिरीत पेशंटचं नाव, वय, पत्ता सगळं कळतं, आणि एका कानाने ते ऐकत दुसऱ्या कानाने ते फोनवरच्या आजीबाईंची विचारपूसही करतात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर इस्पितळाने जुना प्रोग्राम काढून टाकला. आता भेटीच्या वेळा इंटरनेटच्या पानावर नोंदवायच्या होत्या. पान दिसायला फार देखणं. प्रत्येक विभागाचं रंगीत चित्र: हाड, दात, कान, डोळा. सगळ्यांनी कौतुक केलं. ह्यांनी टॅब दाबला. आवाज म्हणाला, "बटण." पुन्हा दाबला. "बटण." पुन्हा. "बटण." नावच नाही. चित्राखाली एक अक्षर लिहिलेलं नाही, मग वाचणारा वाचणार काय? ह्यांनी एकामागून एक तीन ब्राउझर उघडून पाहिले. पहिल्यात नुसतं बटण, बटण. दुसरा अर्ध्या पानापर्यंत बोलला आणि तारखांपाशी आल्यावर मुका झाला. तिसऱ्यात वेळ नक्की झाल्यावर पडद्यावर हिरवी चौकट यायची, तिच्याबद्दल तो चकार शब्द काढायचा नाही.

त्या रविवारी हे मला म्हणाले, "अगं, जरा ऑफिसात येतेस? थोडं काम आहे." सुट्टीच्या दिवशी. मी आधी तोंड वाकडं केलं, मग लक्षात आलं की ह्यांनी आपणहून मदत मागितलीय, आणि मुकाट्याने चप्पल घातली. रविवारी तपासणी बंद, म्हणून फोनही बंद; काचेच्या खोलीत आम्ही दोघंच बसलो. हे टॅब दाबायचे, मी पडद्यावर बघून सांगायचे. सातव्या टॅबला हाडं. आठव्याला दात. नवव्याला कान-नाक-घसा. दहाव्याला डोळे, अकराव्याला त्वचा, बाराव्याला प्रसूती, तेराव्याला लहान मुलं. तारखांचंही तसंच मोजून काढलं. ह्यांनी कागदावर काहीच लिहून घेतलं नाही, सगळं डोक्यात.

रात्रीच्या जेवणाला आमच्या लेकीने परीक्षा घेतली. ती कॉलेजात शिकते आणि बापासारखीच हट्टी आहे.

"कान?"

"नऊ."

"गरोदर बाई?"

"बारा. आणि तोंडात घास असताना विचारू नकोस."

"पण बाबा, बटणांना नावं द्या म्हणून त्या लोकांना सांगत का नाही?"

"आधी काम करून दाखवतो. मग सांगतो."

मी म्हटलं, "बरोबर आहे ह्यांचं." आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

एक महिना ह्यांनी त्या मोजण्यावर काढला. टॅब, टॅब, टॅब, एंटर. एकही चूक नाही. अधीक्षक एकदा खोलीत डोकावून म्हणाले, "वा, तुम्हाला तर नवीन पान सगळ्यांच्या आधी जमलं!" हे घरी येऊन ते वाक्य दोनदा सांगत बसले.

मग एका सोमवारी सकाळी कुणीतरी पानाच्या डोक्यावर एक ओळ टाकली. "वाहनतळ दुरुस्तीसाठी बंद. अधिक माहितीसाठी इथे दाबा." एवढंच. डोळसांना ती दिसली आणि त्यांनी ती सोडून दिली. पण ती दाबायची ओळ होती, म्हणजे एक टॅब वाढला. ह्यांना वाटलं, पहिलं बटण नेहमीसारखंच. आवाज म्हणाला असेल "वाहनतळ", पण महिन्याभराच्या सवयीने हे आवाज ऐकतच नव्हते, नुसतं मोजत होते. आठ मोजून दाताच्या पेशंटला वेळ दिली, ती पडली हाडांच्या डॉक्टरकडे. दिवसभरात चौतीस फोन. चौतीसही जण एकेक घर मागे सरकले.

मंगळवारी सकाळी इस्पितळात नुसता गोंधळ. हाडांच्या डॉक्टरच्या दारात गाल सुजलेले लोक रांगेत. ज्यांचा कान दुखत होता ते दातांच्या खुर्चीत. दोन गरोदर बायका त्वचेच्या विभागात ताटकळत बसलेल्या. आणि प्रसूती विभागात सात पोरं रडत होती, त्यांचे बाप अंग चोरून भिंतीला टेकलेले. एक आजोबा दातांच्या डॉक्टरला म्हणाले म्हणे, "तुम्ही तोंड बघा नाहीतर काहीही बघा, पण आत शिट्टी वाजते ती बंद करा." मी खाली हे ऐकून आधी हसले. मग लक्षात आलं कुणाचं काम आहे ते, आणि सुई तशीच कापडात टोचून ठेवली.

अधीक्षकांनी ह्यांना बोलावलं. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं.

"म्हणजे महिनाभर तुम्ही मोजून काम करत होतात?" अधीक्षकांनी विचारलं.

"हो."

"आणि पान वाचलं जात नाही हे सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं. चूक माझी आहे."

अधीक्षक रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेने बोलले. "हे बघा, तुम्ही खूप केलंत. सोमवारपासून फोनवर दुसरं कुणी बसेल. तुम्ही जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसा, तिथे शांत आहे. काम काही नाही. पगार चालूच राहील, काळजी करू नका."

त्या संध्याकाळी ह्यांनी अकरा शर्टांना इस्त्री केली. शर्ट संपल्यावर अभ्रे काढले. अभ्र्यांवर आले तेव्हा मी इस्त्रीची पिन ओढली.

"बोला काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? चौतीस माणसांचे हाल केले मी."

"त्यांना उद्या नव्या वेळा मिळतील. तुमचं काय ते बोला."

ह्यांनी हातातल्या अभ्र्याची घडी घातली. मग म्हणाले, "त्या खोलीत मला फोन कोण करणार गं?" आणि तिथेच, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या, रडले. लग्नानंतर मी ह्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. मला इतकी चीड आली, ह्यांची, अधीक्षकांची आणि सगळ्यात जास्त माझी. मीच पडद्यासमोर बसून सात, आठ, नऊ मोजून दिले होते. ह्यांचं झाकायला मीच कापड पुरवलं होतं.

बुधवारी सकाळी मी ह्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. पान ज्यांनी बनवलं त्या संगणक विभागातल्या बाई माझ्याच वयाच्या, नाक लाल, अंगभर शाल. त्या खोलीतल्या थंड हवेने त्यांना बारमाही सर्दी. हात वर करूनच त्यांनी सुरुवात केली. "आम्ही चार ब्राउझरमध्ये तपासलंय. सगळीकडे व्यवस्थित दिसतं."

"दिसतं," हे म्हणाले. "वाचलं जात नाही."

ह्यांनी आवाजाचा वेग कमी करून ऐकवला. बटण. बटण. बटण. बाई शिंकल्या. "हे तुमच्या त्या वाचणाऱ्या प्रोग्रामचं असेल. त्यांना कळवा."

"ते बाहेरचे, त्यांना पहिल्याच आठवड्यात कळवलं. ते म्हणतात ब्राउझरचं आहे. ब्राउझरवाले म्हणतात पानाचं आहे."

"मग मी तरी काय करणार? आमच्याकडून सगळं बरोबर आहे."

ह्यांनी मान हलवली, "ठीक आहे" म्हणाले आणि उठायला लागले. नेमाप्रमाणे. मी ह्यांचा दंड धरून पुन्हा खाली बसवलं आणि बाईंना म्हटलं, "मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. मी चादरी शिवते. पण एक सांगू?"

"सांगा."

"आमच्या प्रत्येक चादरीला आतल्या बाजूने, कोपऱ्यात, लाल दोऱ्याने वॉर्डची खूण असते. एक साहेब आले होते, त्यांनी ती बंद केली. म्हणाले, दिसत तर नाही, वेळ कशाला घालवता? पलंगावर पसरल्यावर सगळ्या चादरी सारख्याच पांढऱ्या, कुणाचं काही अडलं नाही. पण धुवायला गेल्या त्या परत येताना हरवायला लागल्या. लहान मुलांच्या वॉर्डात मोठ्यांच्या चादरी, ऑपरेशनच्या चादरी स्वयंपाकघरात. तीन आठवडे निस्तरत होतो. ती खूण झोपणाऱ्यासाठी नसते हो, चादरी धुऊन वाटणाऱ्यासाठी असते. ह्यांचा हा बोलणारा प्रोग्राम म्हणजे तुमचा धुणारा समजा. तुम्ही आतून खूण घातलीत का?"

बाईंनी रुमाल खाली ठेवला. खुर्ची वळवली, त्यांच्या पडद्यावर नुसत्या अक्षरांच्या ओळी उघडल्या आणि वरून खाली वाचत गेल्या.

"नावासाठी जागा आहे," त्या म्हणाल्या. "चित्राला नाव द्यायचं, ते दिसत नाही पण वाचलं जातं. सगळीकडे रिकामी सोडलीय."

"कुणी?" मी विचारलं.

"मीच."

त्या बाईंबद्दलचं माझं मत त्या क्षणी बदललं. चूक झाल्यावर "मीच" म्हणणारी माणसं मी ह्या इमारतीत मोजकीच पाहिलीत, आणि त्यातले एक माझ्या शेजारी बसले होते.

बाईंना वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. अडीच दिवस लागले. नावं बुधवारी दुपारपर्यंत घालून झाली आणि पहिल्या ब्राउझरमध्ये आवाज खणखणीत म्हणाला, "हाडांचा विभाग, बटण." मी टाळी वाजवणार होते. पण दुसऱ्या ब्राउझरमध्ये तारखा नुसत्या "सतरा, अठरा" अशा यायच्या, महिना कुठला ते कळायचं नाही. तिसऱ्यात तारीख निवडली की आवाज उडी मारून पुन्हा पानाच्या डोक्यावर जायचा, की परत सगळं पहिल्यापासून. एका ठिकाणी दुरुस्त केलं की दुसऱ्या ठिकाणी बिघडायचं. बुधवारी हे चाचरत सांगायचे, "बाई, जरा... हे बहुतेक वाचत नाहीये, माझीच काहीतरी चूक असेल." गुरुवारी, "हे वाचत नाहीये." शुक्रवारी सकाळी बाईंनी मोठ्या आशेने विचारलं, "आता?" तर हे पाठ टेकून म्हणाले, "नाही वाचत. पुन्हा करा." बाई चिडल्या. हेही चिडले. "दोन ब्राउझरमध्ये चालतंय ना, तिसरा सोडून देऊ," बाई म्हणाल्या. हे म्हणाले, "हेच पान लोक घरूनही उघडतात. त्यांच्यात माझ्यासारखे असतील. त्यांच्या घरी कुठला ब्राउझर आहे ते तुम्ही ठरवणार?" बाई पुटपुटत पुन्हा कामाला लागल्या. मी जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन हा सगळा तमाशा बघायचे आणि मनातून सुखावायचे. ह्यांना कुणाशी तरी असं उघडपणे भांडताना मी पहिल्यांदाच बघत होते, माझ्याशी सोडून.

शुक्रवारी तीन वाजता तिन्ही ब्राउझर बोलायला लागले. हिरवी चौकटसुद्धा आता आली की लगेच वाचली जायची: कुणाची वेळ, कुठल्या विभागात, किती वाजता.

ह्यांनी अधीक्षकांना निरोप पाठवला, की सोमवारी माझी जागा दुसऱ्याला देण्याआधी एक तास येऊन बसा. अधीक्षक आले. चेहऱ्यावर तीच माया. मला ती बघवेना. ह्यांनी फोन घ्यायच्या आधी बाईंना सांगितलं, "तुम्ही वर जा आणि पानाच्या डोक्यावर हव्या तितक्या सूचना टाका. किती टाकल्या ते मला सांगू नका. आणि खालचे विभागही उलटेसुलटे करा."

"अहो, कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी मोजतोय की वाचतोय, ते साहेबांना कळू दे."

बाईंनी दयामाया दाखवली नाही. पाच सूचना टाकल्या, दात तळाला नेले, लहान मुलांना सगळ्यांच्या वर आणलं. फोन वाजायला लागले. दाढ. गुडघा. तापलेलं बाळ. पुन्हा दाढ. हे टॅब दाबत होते, ऐकत होते, एंटर दाबत होते. अधीक्षक खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसलेले, प्रत्येक वेळी हिरवी चौकट वाचायचे आणि मान हलवायचे. माझ्या हातात शिवायचा झगा होता, त्याला मी एका तासात एकही टाका घातला नाही. अकरा फोन झाले. अकरा बरोबर.

अधीक्षक उठले. "जागा तुमचीच," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. दारापर्यंत जाऊन ते परत आले. "आणि यापुढे कुठलंही नवं पान सुरू करण्याआधी तुम्ही ऐकायचं. मी तसा लेखी आदेश काढतो."

आदेश मंगळवारी आला. मी डबा घेऊन वर गेले होते. ह्यांनी मेल उघडली. आवाज म्हणाला, "चित्र." आणि थांबला. मी पडद्यावर पाहिलं. आदेश कागदावर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो पाठवला होता. माझ्यासमोर सगळं लख्ख दिसत होतं.

"सरका, मी वाचते," मी म्हटलं.

"नको."

"अहो, दोन ओळी आहेत."

"वाचू नकोस म्हटलं ना." आणि ह्यांनी उत्तर टाइप केलं: आपला आदेश मला वाचता येत नाही, तो चित्ररूपात आहे. कृपया मजकूर पाठवावा.

मी कपाळाला हात लावला. "ज्यांनी जागा राखली त्यांनाच पहिला दणका? रागावले तर?"

"तेच तर काम दिलंय ना मला."

तीन तास मी शिवणखोलीत बसून होते. आदेशात काय आहे ते मला माहीत, ह्यांना नाही, आणि तोंड शिवून बसायचं. चार वाजता ह्यांनी खाली फोन केला. "ये वर."

मजकूर आला होता. ह्यांनी आवाजाचा वेग कमी केला, माझ्या कानांना झेपेल इतका, आणि कळ दाबली. इस्पितळाचं कोणतंही पान, दूरध्वनी विभागातल्या ह्यांनी ऐकून मान्य केल्याशिवाय सुरू करू नये. आवाजाने तारीख वाचली, अधीक्षकांचं पद वाचलं. ह्यांनी पुन्हा कळ दाबली आणि पुन्हा सगळं ऐकलं.

"हेच मी दुपारी वाचून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"बावीस वर्षं नोकरी झाली," हे म्हणाले. "नेमणुकीचं पत्र शिपायाने वाचून दाखवलं. बढतीचं तू. ऑफिसचा प्रत्येक कागद मला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून कळला. हा पहिला मी स्वतः वाचला."

खाली माझ्या टेबलावर चादरींचा ढीग पडला होता. ह्यांनी तिसऱ्यांदा कळ दाबली आणि मी शेजारची खुर्ची ओढून बसले.